सायकलपटूचा पावसाळा

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मृगाचा पाऊस लागला, की कोल्हापुरातल्या शर्यतीच्या सायकली सोप्यात येतात. उन्हाळाभर पहाटे रंकाळ्याला वळसा घालून रत्नागिरी रस्त्याला लागणारी, केर्लीवरून वाघबीळ आणि तिथून पन्हाळा चढणारी पोरं जूनच्या मध्यापासून दिसेनाशी होतात. त्यांची पुन्हा गाठ पडते ती एकदम नवरात्राच्या आसपास. तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, वजन वाढलंय जरा." हे 'जरा' कधी दोन किलो असतं, कधी सात.

आजचा विषय हे चार महिने आहेत. जून ते सप्टेंबर. या काळात शर्यती जवळजवळ नसतात. पुण्याहून गोव्यापर्यंत सुमारे साडेसहाशे किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर ही नोव्हेंबरात येते. मुंबई-पुणे ही आपली जुनी शर्यत, जिच्यात बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तीही पाऊस संपल्यावरच्या हंगामातली. २०२६ च्या जानेवारीत तर पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली आणि बाहेरच्या देशांतले सायकलपटू आपल्या घाटांत दमलेले लोकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिले. आपल्याच जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातल्या इंगळीच्या पूजा दानोळेनं राष्ट्रीय पातळीवर सुवर्णपदकं आणली आहेत. तेव्हा हा विषय काही परका राहिलेला नाही.

पण मी आज बोलणार आहे ते पदकवाल्यांबद्दल नाही. त्यांच्यामागे प्रशिक्षक असतात. मी बोलतोय हौशी स्पर्धकाबद्दल. उद्यमनगरात लेथवर काम करणारा, बँकेत बसणारा, शाळेत शिकवणारा, कॉलेजात जाणारी. आठ तास नोकरी, त्यात पहाटे दीड तास सायकल, रविवारी चार तास. आहारतज्ज्ञ म्हणजे आई किंवा बायको, आणि वैद्यकीय पथक म्हणजे गल्लीतला डॉक्टर. माझी नोकरी शाळेत पी.टी. शिकवण्यात गेली आणि गेली कित्येक वर्षं अशा पोरापोरींच्या मागे मी घड्याळ घेऊन उभा असतो. डॉक्टर मी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी वजन वाढतं का, ते बघू. सायकलच्या बाबतीत एक सोयीचा योगायोग आहे. पॅडलवर केलेलं काम किलोज्यूलमध्ये जेवढं भरतं, जवळजवळ तेवढ्याच किलोकॅलरी शरीर त्यासाठी खर्च करतं. आपले स्नायू इंधनातली जेमतेम पाव शक्ती चाकापर्यंत पोचवतात, आणि एक कॅलरी म्हणजे चार ज्यूलहून थोडं जास्त. दोन्ही गोष्टी एकमेकींना फेडून टाकतात. त्यामुळे हिशेब सोपा होतो. मध्यम जोरानं, म्हणजे दीडशे वॅटनं, एक तास सायकल मारली तर साधारण ५४० किलोकॅलरी गेल्या. आठवड्याला दहा तास मारणाऱ्याच्या ५,४००. पावसात तेच दहा तास दोनावर आले, तर आठवड्याला ४,३०० किलोकॅलरींचा खर्च बंद झाला. म्हणजे दिवसाला सुमारे सहाशे. कोल्हापुरी मिसळीचं कट-फरसाण-पावासकट भरलेलं एक ताट धरा.

आणि ताट तेवढंच राहतं कुठं? सायकल थांबली तरी भूक लगेच थांबत नाही. वर आपला पावसाळा म्हणजे खाण्याचाच हंगाम. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईला वाहायचं, गल्लीगल्लीतून वाजतगाजत जायचं आणि घरी येऊन तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारायचा. श्रावणात मटण बंद होतं, पण उपवासाच्या नावानं साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट, वर तूप. मग गणपती, मोदक. मधल्या रविवारी पन्हाळ्यावर धुकं बघायला, या वेळी मोटारीनं, आणि तिथं भजी आणि भाजलेलं कणीस. चरबीचा एक किलो म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. कागदावर हिशेब मांडला तर सोळा आठवड्यांत नऊ किलो वाढायला हवं. तेवढं वाढत नाही, कारण भूक हळूहळू कमी होते आणि जड झालेलं शरीर चालतानाही थोडं जास्त खर्च करतं. पण चार-पाच किलो सहज चढतात.

आता यात वाईट काय? दोन किलो वाढले तर काहीही वाईट नाही, उलट मी म्हणेन वाढावेत. वर्षभर शर्यतीच्या वजनावर राहणं हे शरीराला परवडत नाही आणि घरातल्या माणसांनाही. जर्मनीचा यान उलरिश १९९७ साली टूर द फ्रान्स जिंकला. हिवाळ्यात त्याचं वजन इतकं वाढायचं, की वसंतात वर्तमानपत्रं त्याच्या पोटाचे फोटो छापायची. त्याच्या यशामागे औषधंही होती हे पुढे त्यानंच कबूल केलं, तेव्हा त्याचा आदर्श ठेवा असं मी म्हणत नाही. पण त्याची गोष्ट सांगताना लोक नेमकं एक विसरतात. १९९८ च्या टूरमध्ये आल्प्सच्या थंड पावसात मार्को पांतानीनं त्याला एका दिवसात जवळजवळ नऊ मिनिटांनी मागे टाकलं, तेव्हा त्याचा घात करणाऱ्या गोष्टींत उपासमार होती. ऐन घाटात त्याच्या पोटात पुरेसं काही नव्हतं. म्हणजे हिवाळ्यात जास्त खाल्लं म्हणून नाव ठेवलेला माणूस हरला तो कमी खाल्ल्यामुळे.

पाच-सात किलो वाढले, की मात्र पंचाईत होते. ती पंचाईत काट्यावरच्या आकड्याची नसते. ऑक्टोबरात पोरगं तो आकडा बघून घाबरतं आणि नोव्हेंबरच्या शर्यतीआधी सहा आठवड्यांत सगळं उतरवायला बघतं. नेमक्या याच सहा आठवड्यांत सर्वांत कठीण सराव करायचा असतो. एकीकडे इंजिनाला जोर लावायचा आणि दुसरीकडे तेल तोडायचं.

कोल्हापुरात वजनाचं बोलायचं तर तालमीचं नाव काढल्याशिवाय चालत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ सालचं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं लहान पोरंही सांगतील. पैलवानाचंही वर्ष आपल्यासारखंच. दिवाळीनंतर मैदानं सुरू होतात, गावोगावच्या जत्रा उन्हाळाभर चालतात आणि पावसात मैदानं थांबतात, पण तालीम थांबत नाही. पावसाळा मेहनतीचा. हा धडा सायकलवाल्यानं तालमीकडून जरूर घ्यावा. पण तालमीकडून आपली पोरं दुसरंच काहीतरी उचलतात, ते म्हणजे वजन तोडण्याची घाई.

कुस्तीत वजनगट असतो. काट्यावर उभं राहावंच लागतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली आणि त्या सकाळी पन्नास किलोच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. रात्रभर धावणं, घाम काढणं, केस कापणं, सगळं करून शंभर ग्रॅम उरले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतनं एका रात्रीत साडेचार किलोंवर वजन उतरवलं आणि कांस्यपदक मिळवलं. या बातम्या पोरं वाचतात. त्यांना वाटतं, खेळाडू म्हटलं की हे आलंच. अरे बाबांनो, सायकलच्या शर्यतीला सुरुवातीच्या रेषेवर काटा नसतो! तुमचं वजन कोणी विचारत नाही. तिथे विचारतात ते एवढंच, की शेवटच्या चढावर पायात काही उरलंय का.

खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलोच्या गटात. एक गट वर जाऊन. याचा अर्थ वजन वाढलं म्हणून पदक मिळालं असा काढू नका, चार वर्षांत त्यांनी मेहनतही अफाट केली. पण हलकं म्हणजे चांगलं हे समीकरण त्यांना लागू पडलं नाही एवढं खरं.

मग सायकलवाल्याला हलकेपणाचा फायदा किती? हिशेबासाठी समजा, तीनशे मीटर उंचीचा घाट चढायचाय. स्वाराचं वजन ७० किलो, सायकल, पाण्याची बाटली, बूट मिळून १०, एकूण ८०. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध २०० वॅट खर्ची पडत असतील तर हा चढ साधारण वीस मिनिटांचा. एक किलो कमी झाला तर पंधरा सेकंद वाचतात. चार किलो कमी झाले तर एक मिनिट. घाटाचा राजा व्हायचं असेल तर एक मिनिट ही मोठी गोष्ट आहे, नाकारत नाही. पण त्याच चार किलोंबरोबर पायातली ताकद पाच टक्क्यांनी गेली, तर ते मिनिट जसं आलं तसंच गेलं. आणि सांगलीच्या सपाट रस्त्यावर हलकेपणाचा फायदा जवळजवळ शून्य. तिथे लढाई वाऱ्याशी असते आणि वारा वजन विचारत नाही. ताकद गेली ती मात्र तिथे पूर्ण जाणवते.

माझ्याकडे येणारा एक मुलगा. उद्यमनगरात कामाला, वय सत्तावीस, अंगानं दणकट. एका जुलैत त्यानं ठरवलं, की या वेळी घाटात कुणाला पुढे जाऊ द्यायचं नाही. एक वेळ जेवण, सकाळी नुसता काळा चहा, रात्री काकडी. दहा आठवड्यांत ७४ वरून ६५. गल्लीत सत्कारच व्हायचा बाकी होता, सगळे म्हणायचे लई भारी. मित्राच्या ट्रेनरवर वीस मिनिटांची चाचणी घेतली. जूनमध्ये तो वीस मिनिटं सरासरी २५० वॅट काढायचा, सप्टेंबरात निघाले २१५. आता भागाकार करा. अडीचशे भागिले चौऱ्याहत्तर, ३.३८. दोनशे पंधरा भागिले पासष्ट, ३.३१. नऊ किलो उतरवून किलोमागची ताकदसुद्धा घटलेली! मग ऑक्टोबरात सर्दी झाली, ती तीन आठवडे हलली नाही. लेथवर उभा असताना चक्कर आली तेव्हा घरच्यांनी सायकल कुलपात घातली. त्यांना दोष देता येत नाही. लेथवर चक्कर येणं म्हणजे काय, ते त्या धंद्यातल्यांना विचारा.

पुढच्या वर्षी त्यानं पावसाळाभर मिळून चारच किलो उतरवले, जेवून. ताकद २५० च राहिली. त्याचा भागाकार तुम्हीच करून बघा.

दुसरी गोष्ट एका मुलीची. शहराजवळच्या एका गावातली, कॉलेजात जाणारी, पाय अतिशय चांगले. तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, पोरगी काटा बगितल्याबिगर चा बी पीत न्हाई. आनि एक सांगायचं हुतं, पर कसं सांगू." मी म्हटलं, "वहिनी, सांगा. मी मुलींनाही शिकवलंय." चार महिने मुलीची पाळी आली नव्हती. मुलीला त्याचं काही वाटत नव्हतं. तिच्या सोबतच्या एका मुलीनं सांगितलं होतं, की सराव चांगला चालला की असं होतंच.

श्रोतेहो, हे नभोवाणीवर बोलायला मला संकोच वाटत नाही, आणि ऐकणाऱ्या आईबापांनाही वाटू नये. सराव करणाऱ्या मुलीची पाळी थांबणं ही सराव चांगला चालल्याची खूण नव्हे. शरीरानं दुकान बंद करायला घेतल्याची ती खूण आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट. हिशेब असा असतो. दिवसभरात जेवढं खाल्लं त्यातून व्यायामाचा खर्च वजा करायचा. जे उरतं ते हृदय, मेंदू, हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. चरबी सोडून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे हे उरलेलं साधारण तीस किलोकॅलरींच्या खाली बरेच दिवस राहिलं, की एकेक खातं बंद होऊ लागतं. ही मुलगी पन्नास किलोची, चरबी वजा जाता चाळीस धरू. खात होती जेमतेम साडेबाराशे. त्यातले साडेसहाशे सकाळच्या दीड तासात जात. उरले सहाशे. भागिले चाळीस, पंधरा. हव्या त्याच्या निम्मे.

याचं सर्वांत मोठं मोल हाडं देतात. सायकल चालवताना शरीराचा भार खोगिरावर असतो, हाडांना धक्का बसत नाही. त्यामुळे नुसतीच सायकल मारणाऱ्यांची हाडं धावणाऱ्यांपेक्षा नाजूक राहतात, पुरुषांचीसुद्धा. त्यात खाणं तुटलं आणि पाळी थांबली, तर विशीतल्या मुलीची हाडं विरळ होऊ लागतात, आणि या वयात गेलेलं हाड पुढे पूर्ण भरून येईलच अशी खात्री नसते. मुलग्यांना पाळीसारखी घंटा नसते, पण त्यांचंही पुरुषी संप्रेरक घसरतं. सकाळी उठवत नाही, चिडचिड वाढते, जखम लवकर भरत नाही. लेथवाल्या मुलाची सर्दी तीन आठवडे का हलली नाही, ते यात आलं.

मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्त तपासलं, लोह कमी निघालं. सायकल निम्म्यावर आणली, जेवण वाढवलं. पाळी परत यायला पाच महिने लागले. पाच महिने! त्या वर्षीचा हंगाम तिनं घरून पाहिला. आईनं काटा शेजारच्या घरी नेऊन ठेवला होता, तो तिथंच राहिला.

मग या चार महिन्यांत करायचं काय? हंगाम संपल्यावर पहिले दोन आठवडे सायकलला हात लावू नका. झोपा, लग्नकार्यं उरका, घरची राहिलेली कामं करा. त्यानंतरचा काळ वजन उतरवायला सर्वांत सोयीचा, कारण तेव्हा कठीण सराव नसतो, थोडं कमी खाल्लं तरी कामगिरी बिघडण्याची भीती नसते. दिवसाला तीनशे ते पाचशे किलोकॅलरींची तूट पुरे. आठवड्याला पाव ते जास्तीत जास्त अर्धा किलो. कोणाला हे फार हळू वाटेल. पण सोळा आठवड्यांतले दहा जरी नीट पाळले, तरी तीन-चार किलो होतात, आणि हौशी स्पर्धकाला याहून जास्त उतरवायची गरज क्वचितच असते. ध्येयाचं वजन मासिकातल्या कुणा इटालियन सायकलपटूकडून घेऊ नका. मागच्या दोन-तीन हंगामांत तुमचे पाय सर्वांत चांगले चालले तेव्हा वजन किती होतं, ते आठवा. तेच तुमचं वजन.

तूट काढायची तर कुठून? तेल, फरसाण, गोड चहाचे सहा कप, बेकरीचं खाणं, रात्री साडेदहाचं दुसरं जेवण, इथून. भाकरी, डाळ, उसळ, अंडी, दूध यांना हात लावायचा नाही. वजन उतरवताना प्रथिनं उलट वाढवायची असतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातो. वजनाच्या किलोमागे १.६ ते २ ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ११० ते १४० ग्रॅम. ऐकायला भलतं वाटतं, पण तीन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या उसळ किंवा डाळ, पाव किलोला कमी कोंबडी, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे आणि दिवसभराच्या भाकऱ्या एवढ्यात ते बसतं. शाकाहारी असाल तर कोंबडीच्या जागी पनीर आणि सोयाबीन. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर म्हैस पिळून मिळणारं फेसाळ दूध हा खुराकच आहे. फक्त पैलवानाचा लिटराचा हिशेब आपण लावायचा नाही, कारण त्याच्यासारख्या हजार बैठका आपण मारत नाही.

भाताबद्दल पोरं फार भांडतात. भात सोडायचा का? नाही. ज्या दिवशी काम जास्त त्या दिवशी भात जास्त, ज्या दिवशी आराम त्या दिवशी एक वाटी. सायकल मारून आल्यावर तासाभरात जेवायचं. रिकाम्या पोटी तीन तास मारून चरबी जळते ही एक आवडती समजूत आहे. त्यात घरी आल्यावर दुप्पट खाल्लं जातं, एवढं मात्र मी नेहमी पाहिलंय.

काट्यावर रोज उभं राहिलात तरी विश्वास एका दिवसाच्या आकड्यावर ठेवू नका. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. दोन दिवस भात-भाकरी तोडली तर दीड-दोन किलो उतरल्यासारखं दिसतं. ते पाणी असतं. बिर्याणी खाल्ली की परत येतं. आठवड्याची सरासरी काढा, किंवा सरळ पँटच्या पट्ट्याचं भोक बघा. आणि बाजारात चरबी जाळणारी म्हणून जी पावडर, गोळ्या विकतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांत काय मिसळलंय हे डब्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. लघवी वाढवून वजन उतरवणारी औषधं तर खेळाडूंना बंदी असलेल्या यादीतच आहेत, आणि उन्हातल्या शर्यतीत ती जिवावर बेतू शकतात.

सरावाचं म्हणाल तर पावसात सायकल पूर्ण बंद करण्याची गरज नाही. घरातला ट्रेनर किंवा रोलर, त्यावर आठवड्यातून तीनदा तास-तासभर, बोलता येईल इतक्याच जोरानं. एखाद्या दिवशी मध्ये थोडा चढा जोर. मागे पंखा लावा, नाहीतर घामाचं तळं होतं आणि घरमालकीण विचारते. उघडीप मिळाली तर रविवारी बाहेर पडा, पण चाकातली हवा थोडी कमी ठेवून, मागे-पुढे दिवा लावून. गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला आषाढ-श्रावणात जाण्याचा हट्ट नको. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पुरानं महामार्गसुद्धा बंद पडला होता, आणि २०२१ ला पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली, की सायकल सोप्यात बरी. त्या दिवसांत गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं सामान माडीवर नेऊन द्या, तोही व्यायामच आहे.

आणि बैठका. इथे तालमीचं ऋण मानायला हवं. आठवड्यातून दोन दिवस पायांची ताकद वाढवणारा व्यायाम सायकलवाल्याला फार उपयोगी पडतो, आणि हाडांनाही तेच हवं असतं. व्यायामशाळेत वजन घेऊन उठाबशा काढता आल्या तर उत्तम, नाहीतर साध्या बैठका आणि जोर. पहिल्या आठवड्यात वीस-वीसच्या तीन फेऱ्या, हळूहळू वाढवत. गुडघा दुखत असेल तर अर्ध्यातूनच वर या. दोरीच्या उड्या रोज पाच मिनिटं. चालणं. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर असेल तर जिना.

सप्टेंबर संपता संपता वजन जिथे आलं असेल तिथे थांबवायचं. अजून दोन किलो राहिलेत, ही कुरकुर मी दरवर्षी ऐकतो. राहू द्या. आता कठीण सराव सुरू होणार, तेव्हा जेवण पुन्हा पूर्ण. सराव वाढला की त्यातला एखादा किलो आपोआपही जातो. शर्यतीआधीच्या तीन आठवड्यांत तर वजन उतरवण्याचा विचारही नको. शेवटच्या दोन दिवसांत भात, बटाटा, गुळाची पोळी वाढवायची, त्यानं काटा एक-दीड किलो वर जाईल. ते पाणी आणि साखर आहे, घाटात तेच कामाला येतं. शर्यतीत दर तासाला केळी, गूळ, खजूर, जे पोटाला सवयीचं असेल ते, साधारण साठ ग्रॅम साखर पोटात जाईल इतकं. ही सवय पावसाळ्यातच ट्रेनरवर बसून करून घ्यावी, कारण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खजूर खाऊन पाहणाऱ्यांची गत मी घाटाच्या कडेला पाहिली आहे.

एक शेवटचं, खाण्याशी संबंध नसलेलं. पाऊस संपून तुम्ही रस्त्यावर याल तेव्हा साखर कारखान्यांचे हंगामही सुरू होतील. उसाच्या ट्रॉल्या पहाटे अंधारात, मागे दिवा नसताना उभ्या असतात, आणि रस्त्यावर चिखल आणि उसाचा पाला पडलेला असतो. पहिले दोन आठवडे उजेड झाल्यावरच निघा.